उत्साहात आणि भक्तिभावाने

धर्मग्रामाच्या बातम्या लिहायला मराठीत एकच वाक्य आहे आणि ते पुरते. ‘आमच्या चर्चमध्ये अमुक सण मोठ्या उत्साहात आणि भक्तिभावाने साजरा करण्यात आला.’ सणाचे नाव तेवढे बदलायचे. खाली ‘भाविक बहुसंख्येने उपस्थित होते’ आणि ‘अल्पोपाहाराने कार्यक्रमाची सांगता झाली’. यातला ‘अल्प’ आमच्याकडे लोक फार मनाला लावून घेतात, म्हणून मी नुसते ‘उपाहाराने’ लिहितो.

धर्मग्राम परिषदेचा कार्यवाह म्हणून हे काम माझ्या गळ्यात आहे. उभी हयात कचेरीत इतिवृत्ते लिहिण्यात गेली. जे घडले ते टाळून जे घडायला हवे होते ते लिहायची सवय हाताला आहे, आणि फादरांनी ती बरोबर हेरली. पण चर्चच्या पायऱ्यांवर दर रविवारी उभ्या राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की उत्साह म्हणजे सणाआधीची भांडणे आणि भक्तिभाव म्हणजे ती अर्धवट सोडून मिस्सेला बसणे. सण झाल्यावर भांडण जिथे सोडले होते तिथून पुढे चालू होते.

आमचा धर्मग्राम मालवणच्या किनाऱ्यावर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माड, माडांत घरे आणि वाडीच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस. २००५ पर्यंत आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो. त्या वर्षी ५ जुलैला सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला आणि आल्विन बरेटो पहिले बिशप झाले. याचा आमच्यावर झालेला परिणाम असा, की पूर्वी बिशपांना इकडे यायचे तर घाट उतरावा लागे, आता ते सकाळचा चहा घेऊन निघाले तरी मिस्सेला पोचतात. त्यामुळे चर्चला वेळेवर रंग काढावा लागतो.

मिस्सेत लोक सगळ्यांत लक्ष देऊन काय ऐकत असतील तर शेवटच्या सूचना. प्रवचन चालू असताना पुरुषमंडळी बाहेर पायऱ्यांवर हवा खायला जातात. हा हक्क गोव्यापासून आमच्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर अबाधित आहे. ‘आता काही सूचना’ हे शब्द माईकवर आले की पायऱ्या रिकाम्या होतात. पुढच्या रविवारी कुठल्या वाडीने चर्च झाडायचे, दफनभूमीतले गवत कापायला कोयते कुणी आणायचे, नोव्हेनाचे नऊ दिवस कुणी वाटून घ्यायचे. आणि लग्नाच्या चिठ्ठ्या. मुलाचे नाव, मुलीचे नाव, त्यांची गावे, लागोपाठ तीन रविवार. या विवाहाला कुणाची हरकत असेल तर ती फादरांना कळवावी, असा त्यामागचा हेतू. हरकत कुणी घेतल्याचे मला आठवत नाही. माहिती मात्र सगळे घेतात.

“खयची म्हटल्यान?”

“खाडयेपलीकडची.”

“म्हणजे बेकरीवाल्याची धाकटी? तिचा थंय जमलेला मां?”

“ता मोडला. गप रव, फादर बघतंत.”

पहिल्या रविवारी मुलीचे शिक्षण कळते, दुसऱ्याला मुलाचा पगार, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत हॉल कुठला नि मटण किती किलो हेसुद्धा. चर्चने ही प्रथा घालताना काय विचार केला असेल ते असो, आमच्याकडे वर्तमानपत्राची तेवढी गरज उरलेली नाही.

वाचन करायला हल्ली आम्ही तरुण मुलांना उभे करतो. मुले इंग्रजी शाळेतली, जोडाक्षराला ठेच लागते. ‘करिंथकरांस’ हा शब्द आला की सगळे चर्च श्वास रोखून धरते. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि त्याने दहा हजारांहून जास्त ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूरला छापलेही गेले. हे मी एका मुलाला सांगितले. तो म्हणाला, “अंकल, त्याला रीडिंग आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर नव्हतं ना मिळत. भरपूर टाइम होता.”

आता उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत संयमाने राहायचे आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. मासा चालतो. देवाने आम्हाला मालवणच्या किनाऱ्यावर जन्माला घातले आणि चर्चने शुक्रवारी मटण सोडायला सांगितले. यात त्याग नेमका कुणी केला हे मला अजून उलगडलेले नाही. शेजारचे काका सोमवार करतात, संकष्टी करतात, श्रावण करतात. सोमवारी आमच्या घरून बांगडे भाजल्याचा वास गेला की ते पडवीतून उठून मागल्या दारी जाऊन बसतात. उपवास म्हणावा तर तो. घाटावरून नव्याने बदलून आलेले एक फादर उपवासकाळातल्या शुक्रवारी एका घरी जेवायला गेले. ताटात सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांचे सुके, कोलंबीची आमटी, सोलकढी. फादर जरा घुटमळले. “बाई, आज शुक्रवार ना?”

“होय तर, फादर,” ती माऊली म्हणाली, “म्हणान तर मटाण करूक नाय.”

यात आणखी एक अडचण म्हणजे शिमगा. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो आणि होळीही पौर्णिमेची, त्यामुळे होळी हमखास आमच्या उपवासकाळात येते. आम्ही मौन, चिंतन, पश्चात्ताप वगैरे मांडून बसायचे आणि त्याच दिवसांत साऱ्या कोकणाने ढोल वाजवत बोंबा मारायच्या. २०२४ मध्ये तर झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली. सकाळी आमची पोरे माडाच्या पात्यांचे क्रूस विणून मिरवणुकीत चालली आणि संध्याकाळी त्यांतली निम्मी होळीचे झाड ओढायला खांद्याला खांदा लावून हजर. मी एकाला हटकले. तो म्हणाला, “झाड जड आसता. माणसां कमी पडतत.” पश्चात्तापाच्या काळात शेजाऱ्याच्या मदतीला जाण्यावर मी तरी काय बोलणार?

खरे म्हणजे आमचा पक्का उपवासकाळ १ जून ते ३१ जुलै. सरकारी मासेमारी बंदी. याला ना राख लागते ना प्रवचन. यांत्रिक होड्या किनाऱ्याला झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या असतात, पाऊस कोसळत असतो आणि घरोघर सुका बांगडा, सुकट, गोलम्याची चटणी. मिस्सेत दानाची पिशवी फिरते तेव्हा नाण्यांचा आवाज येऊ लागतो. एरवी नोटा आवाज करत नाहीत. खजिनदार हिशेबाची वही बघतात आणि जाळीवाल्यांपेक्षा लांब चेहरा करतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला की नाण्यांचे पुन्हा कागद होतात. त्या दिवशी आमच्यातले रापणकरही बंदरावर असतात. एका फादरांनी त्यांतल्या एका म्हाताऱ्याला थेट विचारले की तुम्हीसुद्धा नारळ टाकता का. म्हातारा म्हणाला, “टाकूक नाय, फादर. हातातसून निसटलो. काय करतलो?” दरवर्षी निसटतो.

सप्टेंबरची ८ तारीख मारियामातेच्या जन्मदिवसाची. आधी नऊ दिवस मुले फुले आणून मूर्तीपुढे वाहतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ तारखेला. तालुक्यातले एकही झेंडूचे फूल शिल्लक नाही, अबोलीचा वळेसर सोन्याच्या भावात, आणि मंडप, माईक, खुर्च्यांचा माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पण ज्यांच्या पाठीवर गणेशोत्सव मंडळाचे नाव रंगवलेले आहे त्या. वाडीतल्या बायकांनी त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या. पातळ चादरीतून ‘सौजन्य’ हा शब्द तेवढा दिसत राहिला. फुलांचा प्रश्न शेजारच्या काकांनी सोडवला. त्यांच्या परड्यातली जास्वंद त्यांनी देवपूजेपुरती ठेवून बाकी आमच्या पोरांना तोडू दिली. बदल्यात आमच्या घरचे मोठे टोप आणि दोन परातीसुद्धा पाच दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या. ही बातमी मी बिशप हाउसला पाठवली नाही, कारण यात बातमी काय ते मला कळेना. असे दरवर्षीच चालते.

मग ऑक्टोबर, जपमाळेचा महिना, आणि सायबीण निघते. सायबीण म्हणजे मारियामातेची लहानशी मूर्ती. ती आज या घरात, उद्या त्या घरात अशी वाडीतून फिरते. घर सारवून-पुसून तयार, चांगले बेडशीट टेबलावर, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, आणि वाडीची माणसे जपमाळ म्हणायला जमलेली. मुळात प्रार्थनेनंतर द्यायचे ते फक्त चणे: मीठ घालून शिजवलेले, त्यात ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या, कागदाच्या पुडीत. गरम चण्यांनी पुडीचा तळ भिजतो आणि शेवटचे चार चणे हाताच्या तळव्यावर उतरतात. त्या चार चण्यांची चव वेगळीच. पण एके वर्षी आखातातून आलेल्या एका घराने चण्यांबरोबर केक दिला. दुसऱ्या दिवशीच्या घराने केक आणि सामोसा. त्याच्या पुढच्या घराला कटलेट तळावी लागली. आठवड्याभरात सायबीण वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा बिर्याणीचा वास येत होता आणि जपमाळेला कधी न दिसणारी माणसे पहिल्या रांगेत होती. ज्यांचे घर शेवटचे, त्या बाईने तर फादरांना विचारले, यंदा सायबिणीने उलट्या बाजूने सुरुवात केली तर नाही का चालणार?

परिषदेने ठराव केला: यापुढे फक्त चणे. एकमताने मंजूर. तेव्हापासून सगळीकडे चणेच मिळतात. कुठे चण्यांत कोलंबी असते, कुठे सोडे, आणि एका घरी गेल्या वर्षी चणे शोधावे लागले.

सायबिणीपुढे किंवा वाडीच्या क्रुसापुढे लदीन म्हणतात. मारियामातेच्या नावांची ती मालिका लॅटिनमध्ये, सोबत व्हायोलिन. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. ही बातमी लदिनीला मात्र कुणी कळवली नाही. ती अजून लॅटिनमध्येच चालते आणि तीन पिढ्यांच्या तोंडातून येताना तिने असे काही मालवणी वळण घेतले आहे की खुद्द रोमच्या माणसाला कोकणीच वाटावी. पुढे म्हणणारे आमचे व्हायोलिनवाले आजोबा. वारा सुटला की मेणबत्त्या विझतात, त्यांचा चष्मा घसरतो, पण एक नाव इकडचे तिकडे होत नाही.

२०२०च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी या मालिकेत तीन नावे नव्याने घातली. करुणेची माता, आशेची माता, आणि स्थलांतरितांचा दिलासा. त्यांपैकी तिसऱ्या नावाने आमच्या वाडीत वादळ केले. फादरांनी ती नावे कागदावर लिहून आजोबांना दिली. आजोबांनी कागद घडी घालून व्हायोलिनच्या पेटीत टाकला. “पोपान वाढयली आसतली त्येंच्या थंय. आमच्या पाठात नाय.”

आता आमची वाडी बघा. चार घरांतले एक मुंबईत, एक आखातात, एक गोव्यात हॉटेलात, आणि चौथ्याचा मुलगा बोटीवर. त्याचा फोन आला की आवाजाआधी समुद्र येतो. स्थलांतरितांना दिलासा कुणाला हवा असेल तर आम्हालाच. आणि नेमका तो उन्हाळा कुठला? चाकरमानी ई-पास घेऊन मुंबईहून गावाकडे धावत होते आणि ज्या गावात त्यांच्या येण्याकडे वर्षभर डोळे लागलेले असायचे, तोच गाव त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवत होता. हापूस पोचवायला एरवी रांग लागते. त्या वर्षी शाळेच्या कुंपणापर्यंत जायला माणूस मिळेना. वाडीतल्या एका आयेचा मुलगा असाच शाळेत अडकला होता. ती रोज डबा घेऊन जायची, गडग्यावर ठेवायची, दहा पावले मागे सरायची, मग तो येऊन उचलायचा. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले की आमटीत मीठ कमी आहे. तिने तिथूनच दहा पावलांवरून त्याची अशी काही हजेरी घेतली की शाळेतले बाकीचे सगळे खिडकीशी आले.

पोपनी घातलेले ते तिसरे नाव तिला कळले ते दीड वर्षाने, सायबीण पुन्हा घरोघर फिरू लागली तेव्हा. ती उठून आजोबांसमोर उभी राहिली. “म्हणजे रोमाक कळला आणि तुमका कळूक नाय? पेटी उघडा.”

आजोबांनी पेटी उघडली. लॅटिनच्या बाजूने वाडीत आजवर एवढी मोठी माघार झालेली नाही. आता ती तिन्ही नावे येतात. पहिल्या दोन नावांना उत्तर नेहमीच्या लयीत मिळते. तिसरे आले की ती बाई सगळ्यांच्या वरची पट्टी लावते, आजोबांचे व्हायोलिन मागे पडते, आणि तिचा मुलगा, असलाच तर, मोबाइल बघू लागतो.

नाताळाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण हल्ली तो आमच्या हातात राहिलेला नाही. २५ ते ३१ डिसेंबर सगळा महाराष्ट्र स्कूबा डायव्हिंग करायला मालवणात उतरतो. आमच्यातल्या निम्म्या घरांवर ‘होमस्टे, घरगुती जेवण’ अशा पाट्या आहेत. मध्यरात्रीच्या मिस्सेत भक्तिगीत ऐन रंगात आलेले आणि गायनवृंदातल्या सोप्रानोचा फोन थरथरतो: खोली नंबर दोनला गरम पाणी येत नाही. गोठ्यासमोर सेल्फी काढणाऱ्या एका पाहुण्याने मला फार अदबीने विचारले, “काका, इथली पार्टी किती वाजता सुरू होते?” मी म्हटले, दोन हजार वर्षांपूर्वीच झाली. तो ‘ओह’ म्हणाला आणि तारकर्लीला गेला.

जानेवारीत चर्चचा सण. कोकणात मानपान नसलेला देव अजून यायचा आहे, त्यामुळे सणाचा यजमान कोण, मिरवणुकीत छत्री कुणी धरायची, पहिली मेणबत्ती कुणाची, यावर नोव्हेंबरपासून बैठका. त्या मी सोडून देतो. गेल्या सणाचा लिलाव मात्र सांगायलाच हवा. मिस्सेनंतर लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा चर्चच्या अंगणात लिलाव होतो: नारळ, भोपळे, सुरण, केळ्यांचे घड. त्यात एक कोंबडा होता, कुणाच्या तरी नवसाचा. लाल तुरा, हिरवी शेपटी, आणि नजर अशी की बोली बोलणाऱ्यालाच तो तोलतो आहे.

बोली तीनशेवर थांबणार तोच थोरल्या भावाने पाचशे म्हटले. हा मुंबईचा. धाकटा गावात राहतो. दोघांच्या घरांमध्ये एक गडगा आहे, आणि तो गडगा कुणाच्या हद्दीत यावरून दोघांत बोलणे नाही. धाकट्याने सहाशे केले. थोरल्याने हजार. जमाव पुढे सरकला. दोन हजारांवर आजोबांनी व्हायोलिन काखेत मारले आणि बाक पकडले. साडेतीन हजारांवर धाकट्याने हात खाली केला आणि थोरला कोंबडा घेऊन विजयी मुद्रेने बायकोकडे वळला. तिने घड्याळ दाखवले. संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्सप्रेस, एसीचे रिझर्व्हेशन, आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर घर. थोरल्याने पैसे भरले आणि कोंबडा चर्चला परत दान केला. टाळ्या.

दान आले म्हणजे पुन्हा लिलाव. या वेळी धाकट्याला तो चारशेत मिळाला. घरी नेण्यासाठी त्याने पाय बांधायला घेतले, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणाले, “भावाचो कोंबडो घेतलंस मां?” त्याने पैसे टाकले आणि कोंबडा तिथेच सोडला. तिसऱ्यांदा बोली लावायला कुणी तयार होईना; कोंबड्याला घराण्याचा इतिहास चिकटला होता.

अशा रीतीने तो फादरांच्या बंगल्याच्या आवारात राहिला आणि प्रवचनाच्या मध्येच आरवू लागला. हिशेब तपासनीस येणार म्हणून परिषदेची बैठक बसली तेव्हा खजिनदारांनी विचारले, हा कोंबडा मालमत्तेत कुणाच्या नावावर धरायचा? थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, “मी दान केलंय. माझो नाय.” धाकटा दारातच होता, म्हणाला, “माझो नाय.” खजिनदारांनी वही मिटली. “पावती फाडूक नाय, तर चर्चचोय नाय.” तीन नकार पुरे झाले. त्यानंतर कोंबडा लगेच आरवला की नाही हे मी लिहीत नाही. बायबल वाचलेल्या माणसाला मी जुळवून सांगतोय असे वाटेल. फादर मात्र तडक उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

थोरला हल्ली रविवारी मला डोंबिवलीहून फोन करतो आणि इकडचे-तिकडचे बोलून शेवटी विचारतो, कोंबडो बरो आसा मां? मी सांगतो, आहे. धाकटा रोज सकाळी कण्या घालून जातो. यावर तो काही बोलत नाही. गडग्याचा दावा कोर्टात आहे, पुढची तारीख फेब्रुवारीची.